जिवापासूनच जीव : फादर लाझ्झारो स्पालान्झानी यांची जीवनकथा

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘सजीवांची लक्षणे’ हा धडा असतो. सजीव अन्न घेतो, श्वसन करतो, वाढतो, हालचाल करतो, बाहेरच्या चेतनेला प्रतिसाद देतो, नको असलेले पदार्थ शरीराबाहेर टाकतो, आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करतो आणि त्याचे शरीर पेशींचे बनलेले असते. आपली मुले ही यादी तोंडपाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. या यादीतील एकेक ओळ कुणीतरी आयुष्य खर्ची घालून मिळवलेली आहे, हे मात्र त्यांना सहसा सांगितले जात नाही. यादीतील निदान पाच ओळींच्या अभ्यासाशी अठराव्या शतकातील एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव जोडलेले आहे. त्या फादर लाझ्झारो स्पालान्झानी यांच्या जीवनाची ओळख आम्ही आज वाचकबंधुभगिनींना करून देत आहोत.

बालपण आणि शिक्षण

उत्तर इटलीत रेज्जिओ शहराजवळ स्कांदियानो नावाचे एक गाव आहे. ते त्या काळी मोदेनाच्या संस्थानात मोडत असे. जानेवारी १७२९ मध्ये लाझ्झारो यांचा जन्म या गावी झाला. वडील वकील होते. वयाच्या पंधराव्या वर्षी लाझ्झारो रेज्जिओ येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी तत्त्वज्ञान आणि प्राचीन भाषा यांचा पाया पक्का केला. हा हुशार विद्यार्थी आपल्या संघात यावा, असे येशूसंघीयांना वाटत होते. परंतु वडिलांच्या इच्छेनुसार लाझ्झारो कायद्याच्या शिक्षणासाठी बोलोन्या विद्यापीठात गेले.

बोलोन्यात त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. त्यांच्या नात्यातील लॉरा बास्सी या तेथे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. स्त्रीने विद्यापीठात शिकवणे ही गोष्टच ज्या काळी विरळा होती, त्या काळी या विदुषीची कीर्ती युरोपभर पसरलेली होती. त्यांच्या सहवासात लाझ्झारो यांना गणित आणि निसर्गविज्ञान यांची गोडी लागली. कायद्याची पुस्तके बाजूला पडली. अखेर वडिलांची संमती मिळाली आणि या तरुणाने आपला मार्ग बदलला. पुढे त्यांनी गुरुदीक्षा घेतली आणि रेज्जिओ येथे अध्यापन सुरू केले. त्यांनी पूर्णवेळ धर्मग्राम सांभाळला नाही. अध्यापन आणि संशोधन हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. १७६३ साली ते मोदेना येथे आणि १७६९ साली पाव्हिया विद्यापीठात गेले. पाव्हिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली होते. महाराणी मारिया तेरेसा यांच्या शासनाने त्यांना तेथे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापकपद दिले. आयुष्याची उरलेली तीस वर्षे ते त्या विद्यापीठाशी बांधलेले राहिले.

दोन धर्मगुरूंचा वाद

त्या काळचा सर्वांत मोठा प्रश्न असा होता : जीव कोठून येतो? कुजलेल्या मांसातून अळ्या, चिखलातून बेडूक आणि ओलाव्यातून किडे आपोआप उत्पन्न होतात, असा समज जगभर होता. आपल्याकडील परंपरेतही जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज अशा जिवांच्या चार खाणी सांगितल्या आहेत. त्यांपैकी स्वेदज म्हणजे घामातून, दमटपणातून उपजलेले जीव. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचेही मत असेच होते. संत थॉमस अक्वायनस यांनीही, कनिष्ठ जीव कुजण्यातून उपजतात हे मत स्वीकारलेले होते.

१६६८ साली फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने मांसाची भांडी झाकून ठेवली आणि माशी बसली नाही तर अळ्याही होत नाहीत, हे दाखवले. त्यामुळे किड्यांचा प्रश्न बराचसा सुटला. पण पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले आणि वाद पुन्हा पेटला. इतके क्षुद्र जीव तरी आपोआप होत असतील, असे अनेक विद्वानांना वाटू लागले.

या मताचा प्रमुख पुरस्कर्ता स्वतः एक कॅथलिक धर्मगुरू होता. फादर जॉन टर्बरव्हिल नीडहॅम हे इंग्लंडचे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळालेले ते पहिले कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी मांसाचा रस तापवून कुपीत भरला, बूच लावले आणि काही दिवसांनी पाहिले तर रस सूक्ष्म जिवांनी भरून गेलेला होता. पदार्थातच जीव निर्माण करणारी एक शक्ती असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फ्रान्सचे प्रख्यात निसर्गवेत्ते ब्यूफाँ त्यांच्या बाजूला होते.

फादर स्पालान्झानी यांना या प्रयोगात दोन छिद्रे दिसली. रस पुरेसा वेळ तापवलेला नव्हता आणि बूच कितीही घट्ट असले तरी हवेला वाट ठेवते. त्यांनी निरनिराळ्या बियांचे अर्क काचेच्या चंबूंत भरले. बूच न लावता चंबूची मानच ज्योतीवर वितळवून बंद केली. मग ते चंबू उकळत्या पाण्यात ठेवले. काही थोडा वेळ, काही पाऊण तास ते तासभर. थोडा वेळ तापवलेल्या चंबूंत जीव दिसले. दीर्घकाळ उकळलेले व नीट बंद केलेले चंबू मात्र निर्जीव राहिले. काही सूक्ष्म जीव उकळत्या पाण्यात क्षणार्धात मरतात, तर काही अर्धा तासही तग धरतात, हेही त्यांच्या लक्षात आले. १७६५ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

फादर नीडहॅम यांनी उत्तर दिले : इतक्या उष्णतेने पदार्थातील जीवनशक्तीच नष्ट झाली आणि आतील हवाही बिघडली. हा आक्षेप पोकळ नव्हता. फादर स्पालान्झानी पुन्हा कामाला लागले. त्यांनी दीर्घकाळ उकळलेले अर्क हवेला उघडे केले, तेव्हा त्यांत सूक्ष्म जीव पुन्हा भरभरून वाढले. उष्णतेने अर्काची जीव पोसण्याची क्षमता गेली नव्हती. फक्त त्यातील जीव गेले होते. १७७६ सालच्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडले. त्याच काळात त्यांनी एकच सूक्ष्म जीव शुद्ध पाण्याच्या थेंबात वेगळा काढून त्याचे दोन भाग होताना पाहिले. इतका लहान जीवही आपल्यासारखाच दुसरा जीव देतो, हे त्यातून डोळ्यांना दिसले.

हवेविषयीचा आक्षेप मात्र पूर्णपणे मिटायला आणखी ऐंशीहून अधिक वर्षे लागली. १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेले चंबू वापरले. हवा आत जाई, धूळ मात्र वळणात अडके आणि रस निर्जीव राही. त्यानंतर, काही जीवाणू उष्णतेला दाद न देणारी बीजाणूंची अवस्था धारण करतात, हेही कळले. फादर नीडहॅम यांच्या कुपीचे कोडे त्यातून उलगडले. अन्न बंद भांड्यात उकळून टिकवण्याची पद्धत फ्रान्सच्या निकोला आपेर यांनी १८१० साली प्रसिद्ध केली, तीही याच तत्त्वावर चालते. आज आपल्या घरातील डबाबंद मासळी किंवा बाटलीतील फळांचा रस टिकतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

या वादाची एक बाजू आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, असे त्याचे चित्र अनेकदा रंगवले जाते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना धर्मगुरू होते. दोघेही वेदीवर मिस्साबलिदान अर्पण करणारे आणि दोघेही प्रयोगाचा निकाल मान्य करणारे होते. चंबूत जीव उपजतो की नाही, यावर कुणाचीही श्रद्धा टांगलेली नव्हती.

पुन्हा उगवणारे अवयव

संकटात पाल आपली शेपटी टाकून पळते आणि तिला नवी शेपटी फुटते, हे आपण घरोघरी पाहतो. हे सामर्थ्य कोणत्या प्राण्यात किती असते, हे फादर स्पालान्झानी यांनी चिकाटीने तपासले. गांडुळाचे कापलेले टोक, बेडकाच्या पिल्लाची शेपटी, सॅलमँडरचे पाय पुन्हा येतात, असे त्यांना आढळले. गोगलगाईचे कापलेले डोकेही काही वेळा परत येते, हे वाचून फ्रान्सचे लेखक व्हॉल्टेअर यांनीही स्वतः गोगलगायींवर प्रयोग केले. वय जितके कमी तितके हे सामर्थ्य अधिक, हे सूत्रही फादरांनी नोंदवले. १७६८ साली हे निबंधरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. वाढ म्हणजे केवळ मोठे होणे नव्हे, तर मोडलेले पुन्हा घडवणे हाही तिचाच भाग आहे, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

छपरावरच्या मातीत आणि शेवाळात राहणारे काही सूक्ष्म प्राणी पूर्ण वाळल्यावर मेल्यासारखे पडून राहतात आणि पाणी मिळताच पुन्हा हालू लागतात. त्यांतील एका मंदगती प्राण्याला फादरांनी इटालियन भाषेत ‘तार्दिग्रादो’ असे नाव दिले. त्यावरूनच आज त्याला टार्डिग्रेड म्हणतात. श्वास नाही, हालचाल नाही, तरीही जीव गेलेला नाही, अशी ही अवस्था सजीवांच्या लक्षणांची यादी लिहिणाऱ्याला आजही विचारात पाडते.

स्वतःच्या पोटावर प्रयोग

अन्न पोटात नेमके कसे पचते? काही म्हणत, जात्यासारखे दळले जाते. काही म्हणत, ते आंबते किंवा कुजते. टर्कीसारख्या पक्ष्यांच्या पेषणीत काचेचे तुकडे व सुयाही बोथट होतात, हे फादर स्पालान्झानी यांनी पाहिले. पण दळणे म्हणजे पचणे नव्हे. त्यांनी छिद्रे पाडलेल्या नळ्यांत मांस भरून ते प्राण्यांना गिळायला लावले. नळीत दळले जाण्याची सोय नव्हती, तरीही मांस विरघळले.

मनुष्याविषयी खात्री करण्यासाठी त्यांनी दुसऱ्या कुणाला धोक्यात घातले नाही. चावलेली भाकरी तागाच्या छोट्या पिशवीत शिवून त्यांनी ती स्वतः गिळली. साधारण एका दिवसाने पिशवी शाबूत बाहेर पडली आणि आतील भाकरी नाहीशी झालेली होती. पुढे मांस व हाड भरलेल्या लाकडी नळ्याही त्यांनी गिळल्या. उपाशीपोटी स्वतःला ओकारी आणून त्यांनी जठररस मिळवला. जठररस मांसासह काचेच्या नळीत भरून आणि शरीराची ऊब मिळावी म्हणून नळी काखेत धरूनही त्यांनी प्रयोग केले. शरीराबाहेरही मांस विरघळले आणि ते सडले नाही. पचन ही जठररसाची क्रिया आहे, हे त्यांनी १७८० सालच्या ग्रंथात सिद्ध केले. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हा शोध १८२४ साली विल्यम प्राउट यांनी लावला.

प्रजननाचा प्रश्न

बेडकांच्या प्रजननावर त्यांनी केलेला प्रयोग आजही विनोदाने सांगितला जातो. त्यांनी नर बेडकांना टाफेटा या रेशमी कापडाच्या घट्ट विजारी शिवून घातल्या! त्यांच्या सोबतच्या माद्यांनी घातलेली अंडी कुजून गेली. परंतु विजारीत राहिलेल्या वीर्याचा थेंब अंड्यांना लावताच त्यांतून पिल्ले वाढू लागली. त्यानंतर १७८० च्या सुमारास त्यांनी एका कुत्रीमध्ये कृत्रिम गर्भधारणा घडवली आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. सस्तन प्राण्यांतील ही पहिली नोंदलेली कृत्रिम गर्भधारणा मानली जाते. आपल्या दुग्धव्यवसायात आज रूढ असलेल्या कृत्रिम रेतनाचे मूळ या प्रयोगात आहे. मनुष्याच्या बाबतीत याच तंत्राने पुढे गंभीर नैतिक प्रश्न उभे केले आणि त्यांवर ख्रिस्तसभेने आपली भूमिका स्पष्टपणे मांडलेली आहे.

येथे फादर स्पालान्झानी यांची मोठी चूकही सांगितली पाहिजे. अंड्यातच संपूर्ण जीव सूक्ष्मरूपाने आधीपासून असतो, असे त्यांचे ठाम मत होते. कागदातून गाळलेल्या वीर्याचे सामर्थ्य नाहीसे होते आणि कागदावर राहिलेला अंश ते टिकवून धरतो, हे त्यांनी स्वतः पाहिले. तरीही शुक्रजंतू हेच त्या सामर्थ्याचे वाहक आहेत, असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या मते ते परजीवी होते. फादर नीडहॅम यांच्या प्रयोगातील छिद्र शोधणाऱ्या या माणसाला स्वतःच्या प्रयोगाचा अर्थ कळला नाही. पूर्वग्रह बुद्धिमंतालाही कसा अडवतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कीर्ती आणि आरोप

१७८५ साली पाडुआ विद्यापीठाने त्यांना बोलावले. ते जाऊ नयेत म्हणून सम्राट जोसेफ दुसरे यांच्या शासनाने त्यांचे वेतन दुप्पट केले आणि तुर्कस्तानच्या प्रवासासाठी रजा मंजूर केली. फादर कॉन्स्टँटिनोपलला असताना पाव्हियात त्यांच्यामागे कारस्थान शिजले. विद्यापीठाच्या संग्रहालयातील वस्तू त्यांनी स्कांदियानोच्या घरी नेल्या, असा चोरीचा आरोप काही सहकाऱ्यांनी केला. आरोप करणाऱ्यांत संग्रहालयाचे रक्षक धर्मगुरू सेराफिनो व्होल्टा होते आणि नामवंत निसर्गवेत्ते स्कोपोली यांचाही त्यांना पाठिंबा होता. ज्या संग्रहालयासाठी फादरांनी दऱ्याखोरी धुंडाळली होती, त्याच संग्रहालयाचा चोर म्हणून त्यांचे नाव युरोपभर गेले. चौकशी झाली आणि १७८७ साली ते निर्दोष ठरले.

निर्दोष ठरल्यानंतर मात्र त्यांनी क्षमेचा मार्ग धरला नाही. स्कोपोली यांनी कोंबडीच्या श्वासनलिकेचा तुकडा नव्या जातीचा कृमी समजून ग्रंथात छापला होता. फादरांनी टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध करून त्यांची यथेच्छ टर उडवली. त्याच वर्षी, १७८८ मध्ये, स्कोपोली यांचे निधन झाले. आमच्या नायकाच्या चरित्रातील हे पान सुखाचे नाही. ते गाळले असते तर जीवनकथा अधिक नीटस झाली असती, पण खरी राहिली नसती. ज्ञान आणि गुरुदीक्षा ही दोन्ही मोठी दाने असली तरी ती माणसाला आपोआप क्षमाशील बनवत नाहीत. क्षमा ही रोज शिकावीच लागते.

वटवाघूळ आणि अखेरची वर्षे

त्याच वर्षी ते व्हेसुव्हिअस, एटना आणि स्ट्राँबोली या ज्वालामुखींच्या अभ्यासाला निघाले. वय साठीला टेकलेले असूनही ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी निरीक्षणे केली. १७९३ मध्ये त्यांचे लक्ष वटवाघळाकडे गेले. पूर्ण अंधारात घुबडही चाचपडते, पण वटवाघूळ सहज उडते. त्यांनी वटवाघळांचे डोळे निकामी केले, तरीही ती उडत राहिली. पाव्हियाच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावरील अशी वटवाघळे काही दिवसांनी पकडली, तेव्हा त्यांची पोटे किड्यांनी भरलेली होती. जिनिव्हाचे लुई झ्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती अडखळली. कानाने पाहण्याचा हा प्रकार त्या काळी अनेकांना हास्यास्पद वाटला. १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिन आणि पिअर्स यांनी वटवाघळांचा माणसाला ऐकू न येणारा ध्वनी यंत्राने टिपला, तेव्हा या कोड्याचा उलगडा झाला.

हे आणि असे अनेक प्रयोग वाचताना आज आपल्या मनाला वेदना होतात. प्राण्यांच्या यातनांविषयीची जाणीव त्या काळी फार थोडी होती. १९६० साली आपल्या देशात प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि प्रत्येक जीवमात्राला स्वतःचे असे मोल आहे, याची आठवण दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सर्वांना करून दिली. फादरांच्या ज्ञानाचा लाभ घेताना त्याची किंमत मुक्या जिवांनी मोजली, हेही आपण विसरू नये.

अखेरच्या वर्षांत त्यांनी श्वसनाचा अभ्यास हाती घेतला. श्वसन फक्त फुप्फुसांत होते, असे अनेकांना वाटत होते. फादरांनी गोगलगायीपासून मोठ्या प्राण्यांपर्यंत अनेक जीव तपासले. शरीरापासून वेगळे केलेले स्नायूही ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड देतात, असे त्यांना आढळले. ऑक्सिजन नसलेल्या हवेत ठेवलेली गोगलगाय काही काळ कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. म्हणजे तो वायू शरीरातच तयार होतो. श्वसन हे साऱ्या शरीराचे काम आहे, हे सत्य त्यांच्या हाती लागले होते. पण ग्रंथ छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मूत्राशयाच्या जुन्या विकाराने ११ फेब्रुवारी १७९९ रोजी पाव्हिया येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे मित्र झाँ सेनेबिए यांनी श्वसनावरील टिपणे १८०३ साली प्रसिद्ध केली.

आज त्यांचे स्मरण

स्कांदियानोच्या घरी त्यांनी जमवलेला निसर्गसंग्रह आज रेज्जिओच्या नगर संग्रहालयात आहे. तो सांभाळण्यात त्यांची बहीण मारियान्ना हिचा मोठा वाटा होता. रोममधील संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेला स्पालान्झानी यांचे नाव आहे. जानेवारी २०२० मध्ये इटलीतील कोरोनाच्या पहिल्या दोन रुग्णांवर याच रुग्णालयात उपचार झाले. ज्या धर्मगुरूने सूक्ष्म जीव आपोआप उपजत नाहीत हे दाखवले, त्यांचे नाव अशा रुग्णालयाला असणे उचितच आहे. रोगजंतू कुठून तरी येतो, म्हणूनच त्याची वाट अडवता येते. हात धुणे, पाणी उकळणे, शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणे या साऱ्याचा पाया तोच आहे.

आज उपलब्ध असलेल्या ज्ञानानुसार प्रत्येक जीव दुसऱ्या जिवापासूनच जन्म घेतो. पृथ्वीवर पहिला जीव अब्जावधी वर्षांपूर्वी कसा अवतरला, हा प्रश्न वेगळा असून त्यावर शास्त्रज्ञांचे संशोधन चालू आहे. त्याचे उत्तर काहीही मिळो, श्रद्धावंताने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. फादर नीडहॅम आणि फादर स्पालान्झानी यांनीही ती घेतली नव्हती. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले जेव्हा विचारतात, की विज्ञानाचे पुस्तक खरे की बायबल, तेव्हा पालकांनी व शिक्षकांनी त्यांना गप्प बसवू नये. भाकरीची पिशवी गिळणाऱ्या आणि चंबूची मान ज्योतीवर वितळवणाऱ्या या धर्मगुरूची गोष्ट त्यांना सांगावी. सजीवांची लक्षणे पाठ करणाऱ्या मुलांना त्या यादीमागचा एक माणूस त्याच्या गुणदोषांसह भेटावा, एवढ्याचसाठी आम्ही हा लेखनप्रपंच केला आहे.